त्याच जागी परतलेले चट्टे

माझी मावशी वकिलांचे काळे कोट शिवायची. काळ्या कापडावर काही लपत नाही. तिच्या डोक्यातून, कोपरांवरून पांढरे पापुद्रे गळायचे आणि ती शिवता शिवता सारखा ब्रश फिरवायची. एकदा एक गिऱ्हाईक खांदा झटकत म्हणालं, "बाई, कोट शिवलाय की पीठ चाळलंय?" सगळे हसले. मावशीही हसली. पण त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकासमोर यायचीच बंद झाली. मापं दुकानाचे मालक घ्यायचे.

तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांनाही हाच सोरायसिस होता. शेजारच्या खोलीतली त्यांची खाजवण्याची खरखर ऐकतच ती लहानाची मोठी झाली. ते गेल्यावर कित्येक वर्षांनीही दुपारी डोळा लागला की तिला तीच खरखर ऐकू यायची. दचकून उठायची, तर नखं तिचीच असायची.

मलमं झाली, गोळ्या झाल्या. मग बोटांचे सांधे सुजले, कात्री मिटेना. तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही," बाई म्हणाल्या. "शरीराच्या रक्षक पेशीच आपल्या कातडीला शत्रू समजून बसल्यात. आता सांध्यांवरही उठल्यात, मलमानं भागायचं नाही. त्यांचे आपसातले निरोप तोडणारं इंजेक्शन देऊ."

पण तपासणीत छातीत जुना, निजलेला क्षय निघाला. म्हणून आधी त्यावरची औषधं दिली, आणि इंजेक्शनही त्याला सहसा न डिवचणारं निवडलं.

कातडी नितळ झाली. मावशी आरशापुढे कोपर वळवून वळवून बघायची.

"मेल्या ना हो त्या पेशी?" तिनं बाईंना विचारलं.

"सगळ्या नाही. काही कातडीतच मुक्काम ठोकून राहतात. जागा विसरत नाहीत."

मावशीनं ते कानाआड केलं. बरी झाले म्हणत इंजेक्शन परस्पर बंद केलं. काही महिन्यांत चट्टे परतले. त्याच जागी, त्याच आकाराचे.

"बाबा आले बघ," ती पुटपुटली.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. चट्टे विरले, बोटं वळू लागली, ती आजही कोट शिवते. पण मी गेले की पाणी विचारायच्या आधी म्हणते, "बाही वर कर." मला खिडकीपाशी नेऊन माझी कोपरं अंगठ्यानं चाचपते.

"काही नाहीये गं, मावशी."

"नाहीये," ती म्हणते. पण हात सोडत नाही.