चांगोच्या टँकरचा नवा फिल्टर

मुरबाडच्या नाक्यावर चांगोचा टँकर आला की चहा पिणारे माना वळवायचे, आणि चांगोला नेमकं तेच हवं असायचं. माणूस तसा लाख मोलाचा! उन्हाळा लागला की सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांना पाणी पोचवण्यात त्याची निम्मी हयात गेली. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना, चांगोला हौस गाडीच्या आवाजाची. केबिनमागून वर गेलेला हवेचा लांब पाईप त्याने कापून टाकला आणि इंजिनाला खेटूनच रुंद तोंडाचा उघडा फिल्टर बसवला. सपाटीवर गाडी अशी गुरगुरत पळाली की चांगो मिशीतल्या मिशीत हसला.

भाची नम्रताच्या हळदीचा दिवस उजाडला. बहीण देवकीचा पाडा चढाच्या माथ्यावर. विहीर आटलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, हळद लावून झालेली, आणि नवरीला न्हाऊ घालायलाही पाणी नाही. सख्खा मामा टँकर आणतोय म्हणून सगळे निर्धास्त होते.

अर्ध्या चढावर चांगोने पहिला गिअर टाकला. इंजिन ओरडलं उदंड, ओढलं काहीच नाही. काळा धूर ओकून बंद पडलं. चाकांना दगड लावून त्याने पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. पळत्या गाडीला वारा मिळतो, तिचं निभतं. भरल्या ओझ्याने हळूहळू चढताना मात्र इंजिनाला वरची गार हवा लागते. स्वतःचीच गरम हवा पिऊन त्याला कुठला जोर येणार? चांगोला हे कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं.

आता पाणी रस्त्यावर सोडल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. त्याने तोटीला हात घातला, पण पिळवेना.

"थांब रे दादा!" वरून देवकी ओरडली. गाडीचा आवाज ऐकून पाड्यातल्या बाया हंडे घेऊन उतरत होत्या. "थेंब सांडू नको. गाडी हलकी होईस्तवर आमी डोईवर नेतो. काय झालं इंजिनाला?"

"इंजिनाला काय नाय गो," चांगो खाली बघत म्हणाला. "मीच त्याची माती केली."

"ते मग बघू. आधी हंडा भर."

तो भरत राहिला. एक बाई गेली, दुसरी गेली. तिसरा हंडा पुढे आला तो पिवळ्याधमक हातांत. हळद लागलेली पोर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि नम्रता अख्खा चढ उतरून आली होती. चांगोने तिचा हंडा भरून तोटी बंद केली.

"तू कशाला आलीस गो बाय?"

"पावन्यांची पोरं तानेली हायेत, मामा. उचलून दे."

चांगोने हंडा उचलला, पण तिच्या डोक्यावर दिला नाही. दोन्ही हातांनी स्वतःच्या खांद्यावर धरला आणि चढाला लागला. नम्रता मोकळ्या हातांनी पुढे चालली होती. मामाचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात रिकामा नव्हता.