दहावा पाट

लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा आईनं एलियाहू नबीला नवस बोलला होता: पोर उठून बसलं की दहा पुरुष प्रार्थनेला बसवून मलिदा करीन. आम्ही बेने इस्राएल. अडीअडचणीला आमच्या बायका त्यालाच हाक मारतात. तो मेला नाही, अग्निरथातून जिवंत वर गेला. त्याच्या रथाची खूण अलिबागेजवळच्या आमच्या खंडाळ्याच्या कातळावर आहे, असं आमचे लोक मानतात. म्हणून बोलावलं की येतो.

मी उठून बसलो, मुंबईत नोकरीला लागलो. नवस मात्र माझ्या रजेअभावी वर्षानुवर्षं पुढं जात राहिला. मग थोरला भाऊ आईला इस्रायलला न्यायला आला आणि तिनं बजावलं, "मलिदा झाल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवायची न्हाय."

तोवर आमचे बरेच लोक तिकडं निघून गेले होते, अलिबागेपासून पार मुरुडपर्यंत आमच्या घरांना कुलपं लागली होती. गावोगाव हिंडून मी माणसं जमवली. शनिवारी दिवेलागणीला आम्ही दोघे भाऊ धरून नऊ पुरुष बसले. रेवदंड्याचा एक जण येणार होता, तो आलाच नाही. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं ताटात मांडून झाली होती. आमच्या घरी नबीच्या नावानं एक पाट रिकामा ठेवायची रीत होती, तोही मांडला होता.

"माझा घाण्याचा बैल आणू का?" नऊ जणांतला म्हातारा तेलीकाका म्हणाला. "शनवार तोपण पाळतो."

शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत; सगळे हसले. हज्जान, आमच्यात प्रार्थना चालवणारा, हसला नाही. "नवस दहाचा हाय," तो म्हणाला.

आईची बोट तीन दिवसांवर आली होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू आवाजात बोललो, पाटाकडं बोट केलं. "दहावा तो बसलाय. सुरू करा."

हज्जाननं एकदा पाटाकडं पाहिलं. मग त्यानं खालच्या आवाजात सुरुवात केली.

आईला मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसली होती. प्रार्थना संपल्यावर मी मलिदा आधी तिच्या हातावर ठेवला. "आई, फिटला गं."

"दहा होते?"

"होते."

"व्हय, मोजले मी. दहा आमेन आले." ती म्हणाली. "नऊ ओळखीचे. दहावा कुठल्या गावचा रे?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "रेवदंड्याचा," मी म्हणालो.

"बरा आवाज होता. त्याला मलिदा दिलास ना?"

"दिला."

मग तिनं घास तोंडात घातला.

त्या पाटापुढं मी काहीच वाढलं नव्हतं.

आई बोटीनं गेली, आणि काही वर्षांनी तिकडंच वारली. कुणीतरी दोनदा आमेन म्हटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ती पटते तेव्हा आईचा नवस अपुरा राहतो. आणि तिनं ऐकलं ते खरं असेल, तर आयुष्यभर ज्याची तिनं वाट पाहिली तो आला होता, आणि मी तिला सांगितलं, रेवदंड्याचा होता. वर त्याला उपाशी पाठवला.

आता शनिवारी मी एकटाच मलिद्याचं ताट मांडतो. आधी पाटापुढं वाढतो, मग नबीचं गाणं म्हणतो. आमेन म्हटल्यावर मात्र पाटाकडं बघत नाही.