डेकवरची लेझीम

सप्टेंबरचा पहिला शनिवार, गणपतीच्या मिरवणुकीची तालीम. जागा: अमेरिकेतलं रेडमंड, यजमानांच्या घरामागचा छप्पर घातलेला लाकडी डेक, जमिनीपासून दहा फूट उंच. हजर: ढोल सात, ताशे तीन, लेझीमवाल्या अठरा, यजमान म्हणजेच पथकप्रमुख, त्यांची आई, बघायला आलेली मंडळी, पाऊस आणि मी. माझ्या हातात लेझीम, पर्समध्ये कामांच्या यादीची वही.

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. इमारत उभी राहील का याचं गणित करते, साइटवर जाऊन तपासते आणि कुणालाही न आवडणारी पत्रं लिहिते. इथल्या मराठी मंडळींत इंजिनीअर म्हणजे सॉफ्टवेअर. मी त्यातली नाही हे कळलं की आधी सहानुभूती मिळते, मग प्रत्येकाला आपल्या बेसमेंटमधली भेग आठवते. ती मी जेवता जेवता, फोनवरच्या फोटोत बघायची असते.

त्या दिवशी कुणी काही विचारलं नव्हतं. पण सगळ्यांचे पाय एकदम पडले आणि टेबलावरचा चहा कपाबाहेर आला. मी रांग सोडून खाली गेले. डेकखाली यजमानांची आई खुर्ची टाकून मेथी निवडत होती. मी वर टॉर्च मारला. डेकला घराशी जोडणारी फळी नुसत्या खिळ्यांवर होती, बोल्ट एकही नाही. फळी आणि भिंत यांच्यात माझं बोट जात होतं.

"काकू, आधी घरात चला."

"अगं, इथे कोरडं आहे. आणि आत टीव्ही चालूय."

मी वर जाऊन तालीम थांबवली. यजमान हुद्द्याने आर्किटेक्ट आहेत, पण सॉफ्टवेअरचे; भिंत एकही आखलेली नाही.

"ताई, वीस वर्षं उभा आहे हा डेक. लास्ट इयर बार्बेक्यूला चाळीस लोक होते यार!"

"ते उभ्याने बर्गर खात होते. एका तालात उड्या मारत नव्हते."

"काही इश्यू आला तर फिक्स करू ना."

"इश्यू जिथे येणार आहे तिथे तुमची आई मेथी निवडतेय."

मी "आत चला" म्हणत असताना ग्रुपवर पोल टाकला गेला, सगळे त्याच डेकवर उभे राहून. बहुमताने ठरलं: डेकवर नाचायचं नाही. वहीत "डेकवरचा नाच थांबवणे" यापुढे खूण करून मी गाडीतून धोक्याची पिवळी टेप आणायला गेले.

परत येते तो पथक डेकखाली, कारण तिथे कोरडं. आणि ते बघायला काकू-मावश्या, मुलं, जेवणाचं टेबल, सगळं डेकवर. ठराव तंतोतंत पाळला होता. वर कुणीही नाचत नव्हतं.

मग मी साइटवरचा आवाज काढला, वरच्या-खालच्या सगळ्यांना हलवलं आणि डेकला टेप लावली. तालीम ड्राइव्हवेमध्ये, पावसात झाली. ताशे भिजून बसले. त्याचं खापर अजून माझ्यावर आहे.

गणपती येऊन गेले. टेप फोटोत वाईट दिसते म्हणून निघाली. बोल्ट आले आहेत, गॅरेजच्या फळीवर, न उघडलेल्या खोक्यात. कॉन्ट्रॅक्टर नेक्स्ट वीकेंडला येणार, असं यजमान दर वीकेंडला सांगतात. काकूंची खुर्ची मी दोनदा उचलून गॅरेजमध्ये ठेवली. दोन्ही वेळा ती परत डेकखाली गेली.

वहीत "बोल्ट बसवणे" यापुढे अजून खूण नाही.