फॅमिलीसाठी वेगळी खोली

आमच्या डॉक्टरांचं एक आहे. पेशंटला भूल देताना औषधाचा थेंब इकडचा तिकडे होणार नाही, पण घरातलं एखादं काम सांगा, घोळ झालाच म्हणून समजा. मी नवऱ्याला डॉक्टरच म्हणते. नवी नवरी असताना ‘अहो’ म्हणायची लाज वाटायची म्हणून सुरू केलं, ते तसंच राहिलं. तर या डॉक्टरांनी मला आणि आमच्या पाच वर्षांच्या लेकीला रियाधमध्ये एक रात्र काढायला हॉटेल निवडून दिलं. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही तेव्हा सौदीत, हफ्र अल बातिनला होतो. डॉक्टर तिथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. कुवेतची हद्द तिथून जवळ. इराकनं कुवेत घेतल्यापासून आमच्या रस्त्यावरून दिवसभर लष्करी ट्रक जायचे, भांडी मांडणीवर थरथरायची. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून झाल्या होत्या. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत संपत आली तशी बायकामुलांची पळापळ सुरू झाली.

“तुम्ही दोघी जा. मला रजा मिळत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मिळत नाही म्हणजे काय? मागा ना भांडून! जाऊन बसा त्या संचालकांच्या दारात!”

“मिळत नाही गं,” एवढंच. त्यांच्याशी भांडण म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. मी रोज भांडले आणि रोज एकटीच दमले. शेवटी आमची दोन तिकिटं काढली. दुपारच्या लहान विमानानं रियाध, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं मुंबई. मधली एक रात्र रियाधमध्ये.

एरवी हॉटेल निवडताना माणूस काय बघतो? स्वच्छता बघतो, भाडं बघतो, सकाळचा नाश्ता बघतो. आम्ही बघत होतो की क्षेपणास्त्र आलं तर कुठं पडेल. एक मोठं हॉटेल जुन्या विमानतळाजवळ होतं. तिथं आता लष्कर होतं, म्हणून ते बाद. दुसरं मंत्रालयांच्या रस्त्यावर, तेही बाद. तिसऱ्यात सगळे परदेशी पत्रकार भरलेले, खोलीच नाही. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे तिथला नियम. एकट्या बाईला खोली देत नाहीत. नवरा, बाप, भाऊ, कुणीतरी घरचा पुरुष हवा. त्याला मेहरम म्हणतात.

दोन दिवसांनी डॉक्टर इस्पितळातून आले ते एकदम खुशीत. “झालं काम! आपल्या लॅबवाल्यांनी सांगितलं. रियाधला बत्ह्यामध्ये एक हॉटेल आहे, एक नंबर. मालक आपल्या कोकणातला. फॅमिलीसाठी वेगळी खोली, स्वच्छ, पडदे-बिडदे आहेत. सकाळी लवकर उघडतं, रात्री अकरापर्यंत चालू. लॅबवाले स्वतः रजेवर निघालेत, विमानात जागा मिळेपर्यंत तिथंच असणार आहेत.”

“आणि मेहरमचं काय?”

“मालक आपल्याकडचा आहे म्हटलं ना. तो घेईल सांभाळून.”

मला पटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचं कौतुकसुद्धा वाटलं.

विमानतळावर निरोप घेताना मी रडले नाही. रागात होते. डॉक्टरांनी लेकीला उचलून घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसून उभे राहिले आणि मला म्हणाले, “पोचलीस की फोन कर. मी इस्पितळातच आहे.”

रियाधला उतरून टॅक्सीनं बत्ह्यात आलो तेव्हा ऊन कललं होतं. बत्हा म्हणजे सगळा आपल्या बाजूच्या माणसांचा बाजार. हुंडी वटवणारी दुकानं, भाजी, ब्लँकेटं, गर्दी, आणि गर्दी म्हणजे सगळे पुरुष. युद्ध तोंडावर आलेलं, जो तो पेट्या बांधून निघालेला. मी बुरख्यासारख्या काळ्या अबायात, एका हातात लेक, एका हातात बॅग, दुसरी बॅग पायानं ढकलत त्या हॉटेलच्या दारात शिरले आणि आतली सगळी बडबड थांबली. पन्नासेक पुरुष परोट्याचा घास हातात धरून माझ्याकडे बघत होते.

गल्ल्यावरचा दाढीवाला माणूस धावत आला. “ताई, इकडून नाय! फॅमिली बाजूच्या दारानं!” हाच तो कोकणातला मालक. त्यानं आम्हाला बाहेरून वळसा घालून एका पडद्याआड नेलं. आत प्लायवूडची खोली. एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग. मला वाटलं, इथं बसवून ठेवतात आणि मग वर नेतात.

“चावी द्या,” मी म्हटलं.

“कसली चावी?”

“खोलीची.”

“हीच खोली, ताई.”

“अहो, मग झोपायचं कुठं?”

“झोपायचं?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “ताई, हे हॉटेल हाय.”

“हॉटेलच पाहिजे मला!”

“जेवायचं हॉटेल, ताई. राहायचं त्याला लॉज म्हणतो आपण.”

मी खुर्चीत बसले. आपण मराठी माणसं मिसळ खायला जातो तेही हॉटेल, चहा प्यायला जातो तेही हॉटेल, आणि उतरायला जातो तेही हॉटेलच! लॅबवाल्यांनी जेवायचं सांगितलं, आमच्या हुशार डॉक्टरांनी राहायचं ऐकलं. फॅमिलीसाठी वेगळी खोली काय, पडदे काय, रात्री अकरापर्यंत चालू काय! रात्री अकराला कुठलं लॉज बंद होतं हो? आणि मी तरी कुठली शहाणी, मलाही शंका आली नाही. लेक टेबलाखाली वाकून बघत होती. “मम्मा, बेड किधर है?” तिला घरी मराठीत विचारलं तरी ती हिंदीतच बोलायची. मला हसावं की तिला घेऊन धाय मोकलून रडावं कळेना.

एवढ्यात लॅबवाले चहाला आले. खरंच तिथंच असायचे ते, तीन वेळा खायला. झोपायला कुण्या ओळखीच्यांच्या खोलीत सहा जणांत सातवे. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला. “वहिनी, चला, आपण लॉज बघू,” म्हणाले.

बघितली की. ते दहा पावलं पुढे, आम्ही मागे, कारण परक्या बाईबरोबर चालताना दिसले तर त्यांनाच आत टाकायचे. पहिल्या लॉजवर कारकुनानं मान वरसुद्धा केली नाही. “मेहरम?” नाही म्हटल्यावर खलास, विषय संपला. दुसऱ्या ठिकाणी त्यानं लॅबवाल्यांकडे बोट करून विचारलं, हा कोण? बिचाऱ्यांना दरदरून घाम फुटला. भाऊ म्हणावं तर दोघांच्या कागदपत्रांवर वडिलांची नावं वेगळी. ते तसेच बाहेर पडले, मागोमाग आम्ही. तिसऱ्या दारात तर आम्हाला हातानंच हाकललं, कुत्र्याला हाकलतात तसं. आयुष्यात मला असं कुणी हाकललं नव्हतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. विमानतळ शहराबाहेर लांब. रात्रभर तिथं बसायला दिलं नाही तर? सकाळचं विमान चुकलं तर? पुढचं विमान उडेल याची खात्री त्या दिवसांत कुणीही देत नव्हतं.

परत त्या पडद्याआड येऊन बसलो. मगरीबची, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाची बांग झाली, नियमाप्रमाणे शटर खाली ओढलं, दिवे मंद केले. लेक दोन खुर्च्या जोडून झोपली. पडद्यापलीकडे लॅबवाले स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होते.

“माझंच चुकलं, वहिनी. मला वाटलं तुम्ही तिघं जाताय. जाता जाता निवांत जेवाल म्हणून सांगितलं. डॉक्टर बरोबर असते तर हा प्रश्नच आला नसता. त्यांची रजा मंजूर झाली होती ना? मी अभिनंदन केलं, पेढे मागितले. मग ते कसे नाही आले?”

“काय म्हणालात?”

त्यांना कळलं की आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो.

“रजा मंजूर झाली होती?”

“संचालकांनी माझ्यासमोर सांगितलं त्यांना, वहिनी.”

हफ्रच्या घरातली भांडी थरथरायची ना ट्रक गेल्यावर, तशी मी आतून थरथरले. महिनाभर मी या माणसाशी भांडत होते आणि हा महिनाभर माझ्या तोंडावर खोटं बोलत होता? ज्याला साधं ‘भाजी आवडली नाही’ म्हणता येत नाही, तो?

नमाज संपून शटर उघडल्याबरोबर मी गल्ल्यावर गेले. पन्नास पुरुष बघेनात का! मालकानं न विचारता फोन पुढे सरकवला. बऱ्याच खटपटीनंतर लाइन लागली, डॉक्टरांना इस्पितळाच्या दारातून बोलावून आणलं.

“पोचलात ना गं?”

“तुमची रजा मंजूर झाली होती?”

नुसती खरखर.

“झाली होती की नाही?”

“झाली होती,” डॉक्टर म्हणाले. “पण दुसरे भूलतज्ज्ञ निघून गेले. अख्ख्या इस्पितळात भूल द्यायला मी एकटा आहे आता. मी गेलो आणि इथं माणसं आली, तर त्यांना काय शुद्धीत ठेवून कापायचं?”

“आणि हे मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस?”

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. सासरी माहेरी सगळे म्हणतात, हिच्या तोंडी लागू नका. पण या वेळी डॉक्टरांचं खरं होतं. नसते गेले. मेले असते तरी गेले नसते.

“ऐक ना,” डॉक्टर म्हणाले. आवाज दमलेला, घाबरलेलासुद्धा. “हॉटेल कसं आहे? खोली मिळाली ना नीट?”

विमानतळावरून आल्यापासून जे जे साचलं होतं, त्या तीन लॉजवाल्यांचं, त्या चार खुर्च्यांचं, सगळं माझ्या ओठांवर होतं. समोर लॅबवाले मान खाली घालून उभे, मालक माझ्याकडे बघतोय.

“चांगलं आहे,” मी म्हटलं.

“फॅमिलीची वेगळी आहे ना?”

“वेगळी आहे. स्वच्छ आहे. पडदे पण आहेत.”

“बरं झालं,” डॉक्टर म्हणाले, आणि लाइन तुटली.

मालकाला माझा शब्दन् शब्द कळला होता. त्यानं फोन जागेवर ठेवला, गल्ल्याला कुलूप लावलं आणि म्हणाला, “ताई, माझी बायको वर हाय. गरीबाचं घर हाय, पण चला.” ती बाई दारातच उभी होती. तिनं लेकीला माझ्या खांद्यावरून अलगद घेतलं, तिच्या स्वतःच्या बिछान्यावर झोपवलं आणि मला गरम भात वाढला. मी त्या भातावर डोळ्यांतलं पाणी गाळत जेवले. सकाळी मालकच ओळखीची टॅक्सी घेऊन आला. विमान वेळेवर सुटलं.

आम्ही पोचलो आणि थोड्याच दिवसांत युद्ध पेटलं. फोन लागेना. रियाधवर क्षेपणास्त्र पडल्याच्या बातम्या यायच्या, हफ्रचं नाव आलं की मी रेडिओ बंद करायचे आणि पुन्हा लावायचे. डॉक्टर परत आले ते उन्हाळ्यात, निम्मे होऊन. हफ्रजवळ काहीतरी फुटलं तेव्हापासून डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. ते कायमचंच.

आल्या दिवशी जेवताना, हसवावं म्हणून, मी त्यांना हॉटेलची गोष्ट सांगितली. उजव्या बाजूला बसून मोठ्यानं सांगितली. चावी, चार खुर्च्या, सगळं. लेक मालकाची नक्कल करत होती. डॉक्टर हसले नाहीत.

“म्हणजे मी फोनवर विचारलं तेव्हा खोली नव्हती?”

“नव्हती.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय करणार होतात तुम्ही तिथून?”

डॉक्टरांनी ताटातला हात तसाच ठेवला.

“तुम्हाला पोचवून आलो आणि माझा धीरच सुटला गं,” ते म्हणाले. “संचालक म्हणाले, रजा अजून आहे, जायचं तर आत्ता जा. रियाधला तुमच्याकडे यायला टॅक्सी बोलावली होती. इस्पितळाच्या दारात उभी होती ती. मी म्हटलं, एकदा फोन येऊ दे, त्यांची सोय कशी झाली ते कळू दे. तू म्हणालीस, चांगलं आहे, म्हणून मी ती परत पाठवली.”