पॉईंट नसलेली गाडी

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचतोय. राग मानू नका, पण बहुतेकांचे अनुभव वाचून मला हसू येतं. जो तो लिहितो — सामसूम रस्ता होता, चिंचेखाली आलो अन् गाडी आपोआप बंद पडली... अहो, मी मेकॅनिक आहे. गाडी आपोआप बंद पडत नसते. पेट्रोल संपतं, प्लग काळा होतो, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकतो. चिंचेचा त्यात काही संबंध नसतो. देवाला मी हात जोडतो, भुताखेतांच्या भानगडीत पडत नाही, आणि आजही माझं मत तेच आहे.

माझ्या अनुभवात गाडी बंद पडली नाही. चालू झाली. तीच तर अडचण आहे.

शिरूर कासारला सरकारी दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. शेजारी चहाचं हॉटेल. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वाड्या रिकाम्या होतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शिकणारी लेकरं आणि शेरडं. मोटारसायकलीही मागेच राहतात. मग कुणी त्या फिरवू नयेत म्हणून लोक जाताना गाडीचा एखादा पार्ट काढून सोबत नेतात. बहुतेक जण प्लग नेतात. पण प्लग काय, कुठल्याही दुकानात मिळतो. दगडू माझं जुनं गिऱ्हाईक, तोही टोळीत जातो; त्याच्या पुतण्यानं एका सीझनला नवा प्लग घातला, गाडी लांबच्या उरसाला नेली आणि टाकी चेपवून आणून लावली. तेव्हापासून दगडू पॉईंट काढून नेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — इंजिनाच्या बाजूला मॅग्नेट फिरतो, त्याच्या पोटात हा पॉईंट असतो. बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो उघडझाप करतो तेव्हा प्लगला करंट येतो. जुन्या गाड्यांनाच असतो. तो नसला तर किका मारून मारून तुमचा पाय मोडेल, पण ठिणगी पडणार नाही. हा काढायला मॅग्नेट उपसावा लागतो, त्याला पुलर नावाचं ओढून काढायचं हत्यार लागतं, म्हणून टोळी निघायच्या आधी मी दरवर्षी दगडूच्या वस्तीवर जातो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षीही गेलतो. पॉईंट काढला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्यानं तो तंबाखूच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी खिशात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर. त्याची मुलगी सोनाली तेव्हा कॉलेजला गेलेली होती.

पुढे थंडीत एक दिवस भर दुपारी मी एका गाडीची चेन ताणत बसलो होतो. लांबून आवाज आला. दगडूच्या गाडीचा सायलेन्सर फुटका आहे, त्याला वेल्डिंग मीच मारलंय, तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. म्हटलं, दगडू एवढ्या लवकर कसा आला? मान वर केली तर गाडी सोनाली चालवत होती. मागे तिचा आजा. ओढणीनं तिच्या कमरेला बांधलेला आणि मान तिच्या खांद्यावर टाकलेली. धूर सोडत गाडी सरळ दवाखान्याकडे गेली. हॉटेलवाल्यानंही पाहिलं. "दगडूची पोरगी लई सुसाट हाय बे," असं तो म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं.

म्हाताऱ्याला शेरडांच्या गोठ्यात साप चावला होता. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. थोडा जरी उशीर झाला असता तर हाताला लागला नसता, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा शेरडांची चौकशी केली.

त्याच सकाळी सोनाली गाडी ढकलत गॅरेजला आली.

"काका, चालू होईना. शेरडं काल्हपासून उपाशी हायेत, मला वस्तीवर जायचंय."

मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. प्लग काढला, कॅपमध्ये घातला, इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. नवा प्लग घातला, नाही. कॅप काढून नुसती वायर जवळ धरली, नाही. माझ्याकडची चालू कॉईल लावून पाहिली. किल्लीची वायर सोडवून पाहिली. काही नाही. आता राहिला मॅग्नेट... आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं. गाडी डोळ्यांदेखत धावत आली होती ना, त्यामुळे पॉईंटचा विषय मनातच आला नव्हता.

"पॉईंट कुणी बसवला गं?"

"कसला पॉईंट?"

"काल चालू कशी केलीस?"

"किल्ली खुंटीला होती. बापू म्हणलते गाडी बंद हाय, हात लावू नको. पर आबाचे डोळे मिटाया लागले. वस्तीवर कोण न्हाई, मोबाईलला रेंज न्हाई. म्या काय करू? किक मारली अन् झाली चालू."

"कितव्या किकला?"

"पहिल्याच."

मी कव्हर खोललं, पुलर लावून मॅग्नेट उपसला. पॉईंट नव्हता. त्याच्या बैठकीवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. वाळून टणक झालेलं, कुठं एक चीर नाही. कव्हरचं रबरी बूच मागेच पडलं होतं, तिथून ती आत गेली असणार. म्हणजे दुसऱ्या कुणी दुसरा पॉईंट बसवून काढला, असंही म्हणायची सोय उरली नाही. तसं असतं तर ते घर जागेवर राहिलंच नसतं. ढकलत आणली म्हणावं तर रस्त्यात चढ आहे, मागे शुद्ध हरपत चाललेला माणूस, आणि आवाज तर मी स्वतः ऐकलेला.

"लई खराब झाली का, काका?" सोनालीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? तिला माझ्या गाडीवर वस्तीवर सोडून आलो.

संध्याकाळी दगडूला फोन लावला. वडील वाचल्याचं त्याला आधीच कळलं होतं. मी जरा चिडूनच विचारलं, "दगडू, पॉईंट कुणाला दिलास?"

"कुणाला द्यायचाय? डबीत हाय. कावून?"

"व्हिडिओ कॉल कर. दाखव."

त्यानं दाखवला. उसाच्या पाचटानं चिरलेल्या तळहातावर, त्याच फडक्यात. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पॉईंट परत फडक्यात गुंडाळला. नंतर म्हणाला, "मिस्त्री, म्याच काढून नेलता वो. पुतण्यानं फिरवू नये म्हणून म्हाताऱ्याचा जीवच खिशात घालून आलो." आणि रडायला लागला. म्हातारा बरा आहे, एवढंच पुन्हा सांगितलं. मी फोन ठेवला.

सीझन संपल्यावर दगडू डबी घेऊन गॅरेजला आला. फडकं सोडलं आणि मी थांबलो. मी घासून दिलेला पॉईंट टोकाला जळालेला होता; व्हिडिओत ते दिसलं नव्हतं. काळानिळा डाग आणि बारीक खड्डा, करंटवर चाललेल्या पॉईंटला पडतो तसा. बंद डबीत ठेवलेला पॉईंट गंजेल. जळत नाही.

"कुणाच्या गाडीत घातलतास?"

"आमच्या टोळीत गाडीच न्हवती. तुमी मिस्त्री हाय, तुमीच सांगा."

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. कुणी जाणकार मेकॅनिक हे वाचत असेल तर त्यानं जरूर लिहावं. फक्त "प्लग बघितला का" असं विचारू नका. बघितला.

मी बैठकीवरची माती खरवडली आणि तोच पॉईंट, न घासता, बसवला. गाडी चालू झाली.

पुढच्या सीझनला टोळी निघायच्या आधी मी पुलर घेऊन वस्तीवर गेलो. दगडूनं मला गाडीला हात लावू दिला नाही.

"ऱ्हाऊ द्या. पोरगी हाय घरी, म्हातारा हाय. फिरवली पुतण्यानं तर फिरवली."

"काढायचा तर काढा की," म्हातारा शेरडांतून ओरडला. "गाडीला कुठं लागतोय?"

सगळे हसले, मीही हसलो. दगडू हसला नाही. त्यानं किल्ली सोनालीच्या हातात दिली आणि मला म्हणाला, "चहा घिऊन जावा, मिस्त्री."