पहिल्या दिवसाचं पिस्तूल

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा बंदूक चालवली आणि पहिलीच गोळी भाच्याच्या पाठीत घातली. त्याला काही झालं नाही. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात आपल्या गटातल्या माणसाची गोळी आपल्याला लागत नाही, अशी सोय करून ठेवली आहे. ज्यानं कोणी ती सोय केली, त्याच्या घरीही माझ्यासारखी बाई असणार.

मी चंद्रकांता. वरठीला राहते. आमचे हे, तेजराम, पोलादाच्या कारखान्यात पाळीवर जातात. मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि त्याचा उपयोग आतापर्यंत पेपर वाचून ह्यांना कंटाळा आणण्यासाठीच झाला. एकच मुलगी, तृप्ती. दोन वर्षांपासून पुण्याला कंपनीत आहे. रोज व्हिडिओ कॉल करते, तक्रारीला जागा ठेवत नाही.

"जेवली का?"

"हो."

"काय जेवली?"

"भाजी-पोळी. ठेवू?"

फोनवर वेळ दिसतो म्हणून सांगते, एक मिनिट अडतीस सेकंद. यात ह्यांचं "बरी आहेस ना?" सुद्धा आलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि तिच्या शिक्षणाच्या वेळचा जुना कॉम्प्युटर लावून, कानाला हेडफोन चढवून खेळायला बसली. नागपूरहून अनुप, म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, तिकडून खेळत होता. अनुप बँकेत आहे, एकतीस वर्षांचा आहे, आणि जीभ मात्र दहावीतल्या पोराची. मी तिथेच खाली बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत होते. तर काय, ही पोरगी दोन तास बोलत होती! गोळ्या झाडता झाडता घरमालकिणीच्या कटकटी सांगितल्या, कोणत्या मैत्रिणीशी बिनसलं ते सांगितलं, आणि मध्येच, "दादा, डावीकडून येऊन राहिला, आणि मागच्या महिन्यात मले पाच दिवस ताप होता ना," असंही सांगितलं. पाच दिवस ताप! मला रोज "भाजी-पोळी" कळत होती.

मला राग आला आणि लगेच उलगडलंही. माझं माहेर कोंढ्याचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे चिखलाच्या शेतात, वाकलेल्या बाया जेवढं बोलतात तेवढं त्या घरी ओट्यावर बसून कधीच बोलत नाहीत. हात चिखलात, नजर खाली, कोणी कोणाचं तोंड पाहत नाही, म्हणून आतलं बाहेर येतं. मी फोनवर लेकीचं तोंड पाहून प्रश्न विचारत होते. तिला बांधी पाहिजे होती.

त्यांच्या गटातला तिसरा गडी लग्न झाल्यापासून येईनासा झाला होता, आणि गटात तिघांची जागा असते. मी शेंगांचं टोपलं बाजूला सारून म्हटलं, "मी येऊ का?"

अनुपचं हसणं हेडफोनमधून मला खाली ऐकू आलं. तृप्ती म्हणाली, "येऊ दे दादा. चार दिवसांत कंटाळते ती."

तृप्ती पुण्याला गेली आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता मी जुन्या कॉम्प्युटरसमोर बसू लागले. डाव्या हाताच्या बोटांनी चालायचं आणि उजव्या हातातल्या माउसनं मान वळवायची. पहिली पंधरा मिनिटं मी आभाळाकडे पाहत चालले, कारण मान खाली कशी करायची ते कळेना. आभाळ चांगलं होतं, दोन चंद्र होते. तेवढ्यात कड्यावरून खाली पडले. परत जिवंत झाले, परत पडले. चौथ्यांदा पडल्यावर अनुप म्हणाला, "मामी, तुमी तिकडे पाणी भरायले जाऊन राहिल्या का?"

मला भोवळ यायची. लिंबाची फोड चोखत खेळायची मी. आणि ओरडायची. एकदा "डोक्यात मार, डोक्यात!" असं ओरडले, तर शेजारच्या शकुनबाई खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी बरे आहेत ना?"

खेळ तसा सोपा आहे. एका उजाड ग्रहावर लोखंडी जनावरं फिरतात. ती मारायची. मेली की त्यांच्या अंगातून सामान उधळतं, बंदुका, चिलखतं, औषधाच्या बाटल्या. पांढरं सामान साधं, मग हिरवं, निळं, जांभळं, आणि केशरी म्हणजे सगळ्यात भारी. चांगलं हत्यार मिळालं की आणखी दांडग्या जनावरांकडे जायचं. गटातलं कोणी पडलं तर त्याच्याजवळ जाऊन एक बटण चार सेकंद दाबून धरायचं, तो उठतो. या कामात मी तरबेज झाले. कोणी नुसतं "आई गं" म्हटलं तरी मी धावत पोचायची.

आणि बोलणं सुरू झालं. कंपनीतली मॅनेजर तृप्तीनं केलेलं काम स्वतःच्या नावावर सांगते, हे मला एका पडक्या पुलाखाली कळलं. तीन दिवस नुसती मॅगी खाल्ल्याचं एका गुहेत. मी एकही प्रश्न विचारत नसे. "हं" म्हणायची आणि चुकीच्या दिशेला गोळ्या झाडायची. सोमवार ते शनिवार मी त्या दोन तासांवर काढत होते.

पण जनावरं दांडगी होत गेली आणि मी होती तिथेच राहिली. पाचव्या रविवारी आम्ही एका मोठ्या दरवाजापाशी पोचलो. तिथला राखणदार म्हणजे तीनमजली लोखंडी रेडा. माझ्या गोळ्या त्याच्या अंगावर लागायच्या आणि तो शेपटीसुद्धा हलवत नसे.

"मामी, तुमी त्याले मारून राहिल्या का गुदगुल्या करून राहिल्या?"

"मी तर मारूनच राहिली बाप्पा."

सहा वेळा गेलो, सहाही वेळा तुडवले गेलो. शेवटी अनुप जरा अवघडून म्हणाला, "मामी, राग नका मानू. माह्या ऑफिसात प्रफुल्ल आहे, नेम पक्का आहे त्याचा. पुढच्या रविवारी रेडा पडला नाही, तर त्याले घेतो. गटात तिघंच राहतात, तुमाले माहीतच आहे."

मी म्हटलं, "हो हो, बरोबर आहे." माझ्याकडून हो फार पटकन निघतं. तृप्ती काय म्हणते याची वाट पाहिली. नुसता तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

तो आठवडा मी रोज दुपारी भांडी झाली की सरावाच्या मैदानात जायची. तिथे लाकडी पुतळे असतात, ते फक्त हलतात, पडले की परत उभे राहतात. बुधवारी दहातल्या चार गोळ्या लागल्या, शनिवारी आठ. शनिवारीच वांग्याची भाजी करपली. ह्यांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती लागल्या?" मी म्हटलं, "आठ." ते मुकाट्यानं जेवले.

रविवार आला. दरवाजापर्यंतच्या वाटेवर छोटी जनावरं होती, त्यांच्यावर माझा नेम अचूक बसत होता. तृप्ती थांबली.

"मम्मी, नेम तर चांगला आहे तुझा. मग तुह्या गोळीनं मरत काहून नाही कोणी? हातात कोणती बंदूक आहे? नाव वाच बरं."

मी चष्मा सरळ करून वाचलं, "गंजलेलं पिस्तूल. पातळी एक."

तिकडे दोघांच्याही गोळ्या थांबल्या.

"मम्मी, हे तर पहिल्या दिवशी देतात ते आहे."

"हो ना. तेच आहे."

"मग दुसरी काहून नाही घेतली? एवढं सामान पडते!"

"पडते, पण ते तुम्ही घ्याल म्हणून मी ठेवते. तुमचं झालं की मग पाहू म्हणते, तर तुम्ही पुढे निघून जाता."

आता हे कसं समजावून सांगू. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटायचं काम पंधरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. ज्याच्या हातात पळी तो शेवटी खातो. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपलं ताट वाढून घ्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही, जसं श्वास घ्यायला शिकवलेलं आठवत नाही. जनावर पडलं, भोवती निळं-जांभळं लखलखलं, की मी दोन पावलं मागे सरून उभी राहायची. पोरं घेतील आधी. एकदा तर केशरी पडलं होतं. मी मनात म्हटलं, अनुपच्या कामी येईल, आणि त्याला दिसावं म्हणून त्या सामानाभोवती दोन चकरा मारल्या. तो म्हणाला, "मामी, नाचू नका, चला." मला वाटलं, किती मनाचा मोठा मुलगा आहे, केशरी सोडून चालला!

"मम्मी," तृप्ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "तुह्या स्क्रीनवर जे पडते ते फक्त तुझं राहते. आमचं आमाले वेगळं पडते. तुझं आमाले दिसतच नाही."

"म्हणजे कोणीच नाही घेतलं ते?"

"कोणी घेणार? तू सोडून कोणाले दिसतच नाही!"

मग अनुप हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलेलं ऐकू आलं, आणि त्यानं तिलाही सांगितलं, मग तीही हसली. मी हेडफोन काढून एकदा पदरानं तोंड पुसलं. सहा आठवडे मी एका रिकाम्या पंगतीला आग्रह करत उभी होते.

हसणं थांबल्यावर अनुपला आठवलं की मुक्कामाच्या ठिकाणी एक कपाट असतं, विसरलेलं सामान काही दिवस त्यात राहतं. आम्ही परत फिरलो. कपाट उघडलं तर ते गच्च भरलेलं. आठ जांभळ्या बंदुका, दोन केशरी, चिलखतांची तर रास. माझ्या लग्नाच्या रुखवतात एवढं नव्हतं.

"यातली ही लांब नळीची तू घे तृप्ती, तुले..."

"मम्मी!"

"बरं बरं."

"माह्यासाठी नको, दादासाठी नको. तुले कोणती आवडली ते सांग."

सांगायला लाज वाटते, पण मी पाच मिनिटं अडले. मला आवडलेलं काय असतं ते सापडायलाच वेळ लागला. शेवटी केशरी रंगाची, रुंद तोंडाची बंदूक घेतली. हातात धरल्यावर चांगली वजनदार दिसत होती.

रेड्यासमोर गेलो. पहिल्याच गोळीला तो मागे सरकला! मी किंचाळले. अनुप ओरडला, "मामी, वाह!" रेड्याच्या डोक्यावरची जिवाची लाल पट्टी सरसर कमी होऊ लागली. मग अनुप पडला. अगदी रेड्याच्या पायाखाली, त्याच्याकडे जाताच येईना. मग तृप्ती पडली, माझ्यापासून चार पावलांवर. रेड्याची पट्टी आता एवढीशी, नखाएवढी राहिली होती.

"मामी, मारा! दोनच गोळ्या! तिले नका उचलू, मारा!"

मला सगळं ऐकू येत होतं. सगळं समजतही होतं, मी बी.ए. आहे. पण माझं बोट तृप्तीला उठवायच्या बटणावर गेलेलं होतं. एक सेकंद, दोन, तीन. चौथ्याला रेड्यानं आम्हा दोघींवर एकदमच पाय दिला.

आम्ही परत दरवाजाबाहेर उभे झालो. मीच म्हटलं, "ठीक आहे अनुप. प्रफुल्लला बोलाव. ठरलं होतं तसं."

"सॉरी मामी," तो खरंच मनापासून म्हणाला. "पण दोनच गोळ्या होत्या हो."

"दादा," तृप्ती म्हणाली, "प्रफुल्ल किती वाजता येते?"

"तीनलेच."

"मग तुमी दोघं खेळा. मी नाही येत."

"आता तू काहून रुसली?"

"रुसली नाही. मले रेड्याचं काही नाही. पण त्या प्रफुल्लले मी काय सांगू, मॅनेजरनं शुक्रवारी मले सगळ्यांसमोर काय म्हटलं ते?"

अनुपनं बंदूक खाली केली. मग म्हणाला, "काय म्हटलं?"

"मी मम्मीले सांगणार होती. तू मधात आहे म्हणून ऐक."

"आता म्हणजे तुमच्या दोघीत मीच तिसरा झालो," अनुप म्हणाला. "राहू दे. प्रफुल्लले सांगतो, जागा नाही. पण मामी, यापुढे प्रत्येक लढाई झाली की मी तुमाले विचारणार, काय उचललं. यादी वाचून दाखवायची."

आणि तृप्ती सांगायला लागली. आम्ही तिघं त्या बंद दरवाजासमोर बंदुका खाली करून उभे होतो. मी "हं" म्हणत होते. यावेळी एक प्रश्नही विचारला, "मग तू काय म्हटलं?" आणि ती थांबली नाही, उलट आणखी सांगू लागली.

तेवढ्यात हे दारात आले. "चहा?"

मी हेडफोनचा एक कान सरकवला. "आज तुम्हीच करा. मला पण ठेवा, साखर जरा जास्त."

ते गेले, परत आले. "साखर कुठे राहते?"

मी सांगायच्या आधीच तृप्ती बोलताबोलता थांबून म्हणाली, "बाबाले सांग, वरच्या फळीवर, हिरवा डबा. हां, तर मम्मी, मग मी तिले म्हटलं..."