सदतीस पाईप

बोअरमधली जळालेली मोटार बाहेर काढायची, तर लोखंडी तिपाई उभी करून साखळी-कप्पीनं एकेक पाईप वर ओढावा लागतो. एक पाईप वीस फुटांचा; पाईप जितके जास्त, पाणी तितकं खोल. फैजपूरजवळच्या त्या गावात कौतिकनाना हे काम तीस वर्षं करत होते. कुणाच्या मळ्यात पाणी किती खोल गेलंय, हे मालकाच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक. पण तो आकडा त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. सोयरिकीला आलेले पाहुणे सगळ्यात आधी विचारतात, "पाणी किती फुटांवर?" त्यावर मुलाचा बाप जे सांगेल, त्याला मान डोलवायची, हा नानांच्या धंद्यातला रिवाज होता.

धुळ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या हेमांगी मॅडम पुस्तक लिहीत होत्या. त्या एकदा नानांच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"नाना, तुमची केळी कंटेनरमधून आखातात जातात. भाव तिकडचे लोक ठरवतात, फळ तिकडचे लोक खातात. त्या फळासाठी उपसलेलं पाणी मात्र परत येत नाही. श्रीमंत देश स्वतःचं पाणी राखतात आणि आपलं वापरतात, त्याची किंमत कुठल्याच बिलात लागत नाही. मला हे आकड्यांनी दाखवायचंय."

नानांना मनापासून बरं वाटलं. तीस वर्षं आपण जे डोळ्यांनी पाहतोय, ते कुणीतरी विचारलं. गावातल्या बेचाळीस बोअरची खोली लिहून द्यायचं त्यांनी कबूल केलं.

नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाची, तेजसची सोयरीक जुळत आली होती. मुलीच्या वडिलांना नानांनी साडेतीनशे फूट सांगितलं होतं. खरे पाईप सदतीस, म्हणजे सातशे चाळीस फूट. कागदाला पाय फुटतात, हे मनात येऊन त्यांनी आपल्या नावापुढे सतरा पाईप लिहिले. मग वाटलं, बांधाला लागून असलेल्यांचे छत्तीस आणि आपले सतरा, यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून त्यांनी सगळ्या गावालाच पंधरा-वीस पाईपांवर आणून ठेवलं.

लग्न झालं. नूतन सून होऊन घरात आली. दोन वर्षांनी मॅडमचं पुस्तक छापून झालं आणि धुळ्याच्या कार्यक्रमाला नानांना आग्रहाचं बोलावणं आलं.

मॅडम व्यासपीठावरून म्हणाल्या, "मी अकरा गावं पाहिली. दहा गावांचं पाणी तळाला गेलं. एका गावानं मात्र तीच केळी त्याच बाजारात विकून पाणी राखलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या गावावर आहे." टाळ्या वाजल्या. नानांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यांची मान काही वर झाली नाही.

खाली उतरताच धुळे तालुक्यातल्या एका गावच्या शेतकरी लताबाई त्यांना आडव्या आल्या. "भाऊ, आमना गावना बठ्ठा बोर कोल्ला पडी ग्यात, थेंब बी पानी नही. तुमना गावमा पानी टिकस, ते तुम्ही काय करतंस? आमले बी सांगा ना."

"देवाची कृपा," नाना पुटपुटले. परतीच्या एसटीत त्यांनी ती शाल घडी करून सीटखाली सारली.

घरी ताट वाढलेलं तसंच राहिलं. नूतननं विचारलं तेव्हा नानांनी सगळं सांगून टाकलं. तुझ्या बापाला फसवलं, हेही सांगितलं.

नूतन म्हणाली, "नाना, पहिल्या उन्हाळ्यात आपली मोटार जळाली, तेव्हा पाईप अंगणात रचले होते. सदतीस होते. मी मोजले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

नानांना सुनेच्या नजरेला नजर देता आली नाही. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझे पाईप सदतीस आहेत."

मॅडमनी विचारलं, "आणि बाकीचे?"

"तेही मी खोटे लिहिले. पण त्यांचे खरे आकडे मी परस्पर सांगणार नाही. दारोदार जाऊन विचारतो."

"नाना, अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. ते पडलं तर पडू दे. पण लताबाई परवा गावातली माणसं घेऊन तुमच्याकडे शिकायला येताहेत. त्याआधी विचारा."

पहिलं दार शेजारच्या मगनचं. रविवारी त्याच्या मुलाच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार होते. मगन ओट्यावर दाढी करत बसला होता. नानांनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "तुझे छत्तीस आहेत, मगन. मॅडमना सांगू का?"

मगननं गालावरचा साबण पुसला. "काऊन रे कौतिक, तुह्या पोराचं लगीन उरकलं ना? आता खरं बोलाले तुले काय जातं?"

मगनच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. त्याला हात न लावता नाना ओट्याच्या कडेला बसले.

"नाही म्हण, मी उठतो," ते म्हणाले. "पण तुझ्या तोंडानं म्हण."

मगननं पुन्हा आरसा उचलला. नाना बसून राहिले.